घरात उर्दू बंद केली तर इंग्लिश येईल का?

पत्र थोडक्यात: मालेगावहून एका ताईंनी लिहिलंय. वय पस्तिशीच्या पुढे, शिक्षण दहावी, उर्दू माध्यम. मिस्टर पावरलूमवर आहेत, त्या घरी शिवणकाम करतात. मुलगी इंग्लिश मीडियमला, यंदा दुसरीत गेली. शाळेचे मेसेज नीट कळत नाहीत, डायरीत काही लिहायचं असलं की शेजारच्या नववीतल्या मुलाला बोलवावं लागतं. पालकसभेत टीचरने सगळ्यांसमोर सांगितलं की घरी इंग्लिशच बोला, उर्दू बोललात तर मूल मागे पडेल. तेव्हापासून त्या मुलीशी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये बोलतायत आणि मुलगी त्यांच्याशी कमी बोलायला लागलीये. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता, तिथे पहिल्या दिवसापासून फळ्यावर टेन्सेसचा तक्ता, काही आठवड्यांत सोडून दिला. त्या विचारतात, "मला इंग्लिश शून्य येतं, या वयात येईल का? आधी ग्रामर करू की शब्द पाठ करू? घरात उर्दू पूर्ण बंद करू का? माझ्यामुळे मुलीचं नुकसान होतंय असं सारखं वाटतं."

ताई, प्रश्न तुम्ही तीन-चार विचारलेत पण मी उर्दूवाल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे थोडे थांबले तरी चालतील, तो थांबू शकत नाही. घरात उर्दू बंद करू नका. आज संध्याकाळी मुलगी शाळेतून आली की तिच्याशी आधी बोलत होतात तसंच बोला.

टीचरच्या मनात वाईट काही नसणार, वर्ग भरलेला असतो, घरून थोडी मदत मिळाली तर बरं असं त्यांना वाटतं. पण सल्ला चुकीचा आहे आणि हे मी ठामपणे सांगते. काय झालंय ते तुम्हीच तर लिहिलंय, मुलगी कमी बोलायला लागली. होणारच ना. उर्दूत तुम्ही तिला विचारत असणार की डब्यात पोळी का उरली, आज कोण कोणाशी भांडलं, मॅडम कोणाला ओरडल्या आणि ती तुमच्या मशीनशेजारी बसून सगळं रंगवून सांगत असणार. इंग्लिशमध्ये तुमच्याकडे आत्ता "कम", "सिट", "ईट", "डू होमवर्क" एवढंच आहे. म्हणजे घरातल्या गप्पा गेल्या आणि नुसते हुकूम राहिले, मग दुसरीतली पोरगी आईशी बोलणार तरी काय.

आणि गप्पांमधूनच तर मूल शिकतं हो. झालेली गोष्ट क्रमाने सांगणं, का झालं ते सांगणं, पुढे काय होईल त्याचा अंदाज करणं, समोरच्याला पटवून देणं, हे सगळं एका भाषेत नीट जमलं की दुसऱ्या भाषेत ते पहिल्यापासून शिकावं लागत नाही, तिथे मुख्यतः शब्द आणि वाक्याची मांडणी शिकायची उरते. कॅनडातले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच हे मांडलंय. आपल्याकडच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुद्धा शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलंय. तुम्ही मुलीला इंग्लिश मीडियमला घातलंत तो तुमचा निर्णय आहे, त्यावर मी काही म्हणत नाही, माझं म्हणणं इतकंच की शाळेत इंग्लिश आणि घरात भरपूर, मोकळी उर्दू या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 75 लाख लोकांनी आपली मातृभाषा उर्दू सांगितली होती, इतक्या घरांमधल्या आयांनी मुलांशी कामापुरतंच बोलायला लागावं हे मला तरी मान्य नाही. तेव्हा नुकसान तुमच्यामुळे होत नाहीये. नुकसान व्हायला सुरुवात झाली असेल तर ती या गप्पा बंद झाल्यामुळे, आणि ते आजच भरून काढता येईल.

आता तुमचं स्वतःचं इंग्लिश.

तुम्ही लिहिलंय "शून्य येतं". हे मला पटत नाही आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तुमच्या मशीनपाशी जे काय पडलेलं असतं त्याची नावं घ्या बघू. मशीन, मोटर, बॉबिन, टेप, बटन, हुक, कॉलर, पॉकेट, लायनिंग, फिटिंग, डिझाइन, मॅचिंग, साइज, इंच, मीटर. गिऱ्हाईक आलं की ऑर्डर, डिलिव्हरी, अर्जंट, रेट, ॲडव्हान्स, बॅलन्स. मिस्टरांकडे लूम, बीम, शटल, बेल्ट, शिफ्ट, पेमेंट. स्वयंपाकघरात गॅस, सिलेंडर, कुकर, फ्रिज. दवाखान्यात डॉक्टर, रिपोर्ट, ब्लड, शुगर, बीपी, टॅबलेट. हे सगळे शब्द तुम्ही रोज उर्दू बोलताना वापरता आणि सगळे इंग्लिशमधले आहेत. एक वही घ्या आणि फक्त असे शब्द लिहून काढा, एका जागी बसून नको, कामाच्या मध्ये मध्ये आठवतील तसे. पानं भरत जातील. ज्या बायकांना मी हे करायला सांगते त्या आधी म्हणतात की हे काय इंग्लिश थोडंच आहे, हे तर आपण बोलतोच. बोलता म्हणूनच तर ते तुम्हाला येतं.

अडतं ते पुढे, या शब्दांना वाक्यात बसवताना. त्यातही अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत, फार नाहीत. 1930 मध्ये चार्ल्स ऑग्डेन नावाच्या इंग्रज भाषातज्ज्ञाने परदेशी लोकांना शिकवण्यासाठी एक छोटं इंग्लिश तयार केलं होतं, सगळे मिळून 850 शब्द, आणि त्यात क्रियापदं किती तर फक्त 18. कम, गो, गिव्ह, गेट, टेक, पुट, कीप, मेक, लेट, सीम, बी, डू, हॅव, से, सी, सेंड आणि जोडीला मे आणि विल. त्यांची पद्धत जशीच्या तशी घ्या असं मी म्हणत नाही, त्या यादीत आपल्या कामाची काही क्रियापदं नाहीत, "वाँट" नाही, "नीड" नाही. पण सुरुवातीला भांडवल किती थोडं लागतं ते यातून कळतं. डिक्शनरी पाठ करायची गरज नाही, तुमच्या वहीतली नावं आणि मूठभर क्रियापदं, एवढ्यावर घर, शाळा, दवाखाना, दुकान निभावतं.

आता त्या अडणाऱ्या जागा. इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी तुमच्या लक्षात आलेली नाही. तुम्हाला उर्दू येते आणि मराठीही येते, पत्र लिहिण्याइतकी येते. जिथे उर्दू इंग्लिशपासून लांब जाते तिथे दोन-तीन ठिकाणी मराठी तुम्हाला मदत करते. त्या क्लासमध्ये कोणी हे सांगितलं नसणार.

उर्दूत "वो बीमार है" म्हटलं की तो का ती ते कळत नाही, वाक्यात पुढे "गया" किंवा "गई" आलं तर कळतं. इंग्लिशमध्ये उलटं आहे, क्रियापद पुरुष-बाई बघत नाही, "ही गोज" आणि "शी गोज", दोन्हीकडे तेच, पण "वो" च्या जागी "ही" की "शी" ते आधीच ठरवावं लागतं. म्हणून उर्दू बोलणारी माणसं आईबद्दल बोलताना सुद्धा पटकन "ही इज इल" म्हणून जातात. तुम्ही काय करायचं, त्या क्षणी मनात मराठी आणायची. मराठीत तुम्ही तो-ती-ते यात चुकत नाही ना, मग तो म्हणजे ही, ती म्हणजे शी. एवढं लक्षात ठेवा की निर्जीव वस्तू इंग्लिशमध्ये सगळ्या "इट". मराठीत कात्री "ती" असली तरी इंग्लिशमध्ये "इट".

तसंच "कल". उर्दूत कालही कल आणि उद्याही कल. "कल नहीं आई" आणि "कल नहीं आएगी", क्रियापद ऐकल्यावर कळतं कुठला कल ते. इंग्लिशला दोन वेगळे शब्द लागतात आणि मराठीत ते वेगळेच आहेत, काल म्हणजे यस्टर्डे, उद्या म्हणजे टुमॉरो. शाळेच्या मेसेजमध्ये "टुमॉरो" आलं की उद्या, डायरीत तुम्हाला कालच्या सुट्टीबद्दल लिहायचं असेल तर "यस्टर्डे". हे एकदा मराठीतून पक्कं केलं की गोंधळ होत नाही.

बाकी ठिकाणी मात्र उर्दू आणि मराठी एका बाजूला आणि इंग्लिश दुसऱ्या बाजूला, तिथे सराव करावा लागेल. मुख्य म्हणजे क्रियापदाची जागा. "मैं कपड़ा काटती हूँ", "मी कापड कापते", दोन्हीकडे कापणं शेवटी. इंग्लिशमध्ये "आय कट द क्लॉथ", कापणं लगेच दुसऱ्या नंबरावर. है-हूँ-हैं सुद्धा तसंच पुढे येतं, "कपड़ा छोटा है", "द क्लॉथ इज स्मॉल". आणि में-पर-से हे शब्द उर्दूत नावाच्या मागे लागतात, इंग्लिशमध्ये पुढे, म्हणजे "डिब्बे में" ऐवजी "इन द बॉक्स", "टेबल पर" ऐवजी "ऑन द टेबल", "जुमे से पहले" ऐवजी "बिफोर फ्रायडे". सुरुवातीला जीभ अडखळेल, त्याला इलाज बोलण्याचा, वाचण्याचा नाही. शिवताना, हातात काम चालू असताना, जे करताय ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा. "आय कट द क्लॉथ." "आय नीड टू मीटर्स." "द कॉलर इज बिग." "द बटन्स आर इन द बॉक्स." ऐकणारं कोणी नसतं, मशीनचा आवाज असतो, लाजायचं कारण नाही.

दुसरी जागा "मुझे" आणि "मेरे पास". मुझे बुख़ार है, मेरे पास पैसे हैं, मेरी एक बेटी है. उर्दूत तीन तऱ्हा, मराठीत दोन, मला ताप आहे, माझ्याकडे पैसे आहेत, मला एक मुलगी आहे. इंग्लिशमध्ये तिन्हीला एकच, "आय हॅव". आय हॅव फीवर, आय हॅव मनी, आय हॅव अ डॉटर. आणि ही-शी आलं की "हॅज". मला विचाराल तर "हॅव" हा एकच शब्द पहिल्या महिन्यात पक्का झाला तरी खूप झालं, इतका तो कामाला येतो. पण "मुझे पानी चाहिए" ला हॅव नाही, तिथे "आय वाँट वॉटर", आणि "मुझे" म्हणून "मी वाँट" म्हणावंसं वाटेल, तिथे "आय"च.

तिसरी, प्रश्न विचारणं. उर्दूत वाक्याच्या आधी "क्या" लावलं की झाला प्रश्न, "क्या वो ठीक है?" आणि क्या म्हणजे व्हॉट असं शाळेत पाठ केलेलं असतं म्हणून "व्हॉट शी इज फाइन?" असं वाक्य तयार होतं. तसं नाही, इथे "इज" उचलून पुढे न्यायचं, "इज शी फाइन?" जिथे उत्तर हो किंवा नाही असतं तिथे "व्हॉट" लागत नाही. फक्त "नाम क्या है" सारख्या खऱ्या "काय"ला व्हॉट.

आणखी एक छोटं पण आदराचं. "अब्बा आए हैं" म्हणताना आपण मोठ्यांसाठी अनेकवचन वापरतो, मराठीतही "बाबा आलेत". इंग्लिशमध्ये वडिलांनाही "ही इज", "ही हॅज", आणि आप-तुम-तू सगळ्यांना "यू". यात बेअदबी नाही, त्या भाषेत आदर "प्लीज" आणि "कॅन यू" यातून दाखवतात. टीचरशी बोलताना "यू" म्हणायला संकोच वाटतो असं काही बायका सांगतात. अजिबात वाटून घेऊ नका.

"अ", "ॲन", "द" चुकतील. चुकू द्या. त्याने कुणाला समजायचं राहत नाही आणि ऐकून ऐकून ते सुधारतं.

ग्रामर आधी का शब्द आधी, याचं माझं उत्तर मग असं की दोन्ही सुटं सुटं नको, वाक्याचा साचा आधी. तुम्ही कुर्त्याचं कागदी पॅटर्न एकदा कापून ठेवता आणि त्यावर कधी कॉटन, कधी रेयॉन टाकता ना, तसं "आय नीड ___", "शी हॅज ___", "धिस इज ___", "कॅन आय ___", "व्हेअर इज ___" अशी थोडी वाक्यं कायमची कापून ठेवा आणि रिकाम्या जागी वहीतले शब्द घालत जा. टेन्सेसचा तक्ता वाईट नसतो, पण तो भाषा थोडी यायला लागल्यावर कामाचा, त्याच्या आधी त्याने फक्त धडकी भरते. तुमचा क्लास सुटला त्यात मला तुमचा आळस दिसत नाही.

आता लिहिण्याचं सांगते. उर्दू उजवीकडून डावीकडे, तुमची वही सुद्धा आपल्या शेवटच्या पानाकडून उघडते. तुम्ही मराठी लिहिता म्हणजे डावीकडून लिहायची सवय हाताला आहेच, शिवाय उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, माप टिपताना तुम्ही ते करताच. ज्या बायकांना फक्त उर्दू लिपी येते त्यांना इंग्लिश छोट्या अक्षरातल्या बी आणि डी मध्ये पोट कुठल्या बाजूला याचा त्रास होतो, त्यांनी घाई न करता आधी मोठी अक्षरं पक्की करावीत.

उच्चार मात्र उर्दू लिपीत लिहू नका, देवनागरीत लिहा. उर्दू लिपी सुंदर आहे, पण तिच्यात ऱ्हस्व स्वर, म्हणजे ज़ेर-ज़बर-पेश, एरवी लिहिले जात नाहीत, वाचणारा अंदाजाने घेतो. ओळखीच्या उर्दू शब्दाला ते चालतं, अनोळखी इंग्लिश शब्दाला नाही. बॅट आणि बेट तिथे एकसारखेच लिहिले जातात. मराठी देवनागरीत आपल्याकडे ॅ आणि ॉ आहेत, बट, बॅट, बेट, बिट, बीट, पाचही वेगळे दिसतात. तुम्हाला ही लिपी शाळेपासून येते तर तिचा फायदा घ्या.

बोलण्यात उर्दूवाल्यांचं एक बरं असतं, ज़ आणि फ़ त्यांच्या तोंडात आधीच असतात. "ज़ीरो", "फ़ीस", "फ़ोन" तुम्ही जितकं साफ म्हणाल तितकं आमच्यातल्या बऱ्याच जणांना जमत नाही. अडतं ते सुरुवातीच्या जोडाक्षराला, स्कूलचं "इस्कूल", स्टेशनचं "इस्टेशन" होतं. इलाज सोपा आहे, आधी नुसता "सससस" लांबवायचा आणि त्यातूनच "कूल" म्हणायचं, मध्ये श्वास न तोडता. काही दिवसांत सुटतं. नाही सुटलं तरी समोरच्याला "इस्कूल" कळतंच, त्यापायी बोलणं थांबवू नका.

शाळेच्या मेसेजचं वेगळं सांगायला हवं कारण ते साधं इंग्लिश नसतंच. "पॅरेंट्स आर रिक्वेस्टेड टू सेंड देअर वॉर्ड इन प्रॉपर युनिफॉर्म." यातला "वॉर्ड" वाचून कोणालाही दवाखान्यातला वॉर्ड आठवेल, इथे तो म्हणजे तुमचं मूल. "काइंडली" म्हणजे कृपया. "सबमिट" म्हणजे आणून द्या. "ऑन ऑर बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत, ती तारीख धरून. "रिमेन क्लोज्ड" म्हणजे बंद राहील. शाळेच्या ग्रुपवरचे मागचे महिन्या-दोन महिन्यांचे मेसेज वर जाऊन बघा, तेच ते शब्द फिरून फिरून येतात. प्रत्येक नवा शब्द वहीत एकदा टिपला की पुढच्या मेसेजला निम्मं काम झालेलं असतं. मोबाईलमधलं ट्रान्सलेट वापरा, त्यात उर्दू आहे, मराठी आहे, मेसेज कॉपी करून टाकता येतो, उर्दूत बोलून इंग्लिश ऐकताही येतं. फक्त आपलं वाक्य त्यातून इंग्लिश करताना "वो" असेल तर ते ही का शी याचा अंदाज लावतं आणि चुकतं, तेव्हा तेवढं तपासून पाठवा. तिथेही मराठीतून टाकलंत, "ती आजारी आहे", तर गोंधळ कमी.

आणि डायरी. शेजारच्या मुलाला बोलवायला लागू नये म्हणून हे चार ओळींचं उतरवून ठेवा, बहुतेक वेळा हेच लागतं:

"डिअर टीचर, माय डॉटर हॅड फीवर. शी डिड नॉट कम यस्टर्डे. प्लीज एक्सक्यूज हर. थँक यू."

बघा यात काय आहे. "मेरी बेटी को बुख़ार था" तर "को" कुठेच नाही, मुलगी सरळ पुढे आली आणि मागे "हॅड", म्हणजे हॅव-हॅजचंच झालेल्या गोष्टीचं रूप. "नहीं आई" ला "डिड नॉट कम", आणि "डिड" आल्यावर "कम" तसंच राहतं, "केम" होत नाही, इथे शिकलेली माणसंही चुकतात. फीवरच्या जागी "स्टमक पेन" घाला, "कोल्ड" घाला, यस्टर्डेच्या जागी "ऑन मंडे" घाला. स्पेलिंग शेजारच्या मुलाकडून एकदाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, पुढच्या वेळी बघून स्वतः लिहा. तुमच्या हाताने लिहिलेली पहिली चिठ्ठी वाकडी आली तरी तीच पाठवा, टीचर रोज दुसरीतल्या मुलांचं अक्षर वाचतात, त्यांना तुमचं वाचता येईल.

पालकसभेसाठी तीन वाक्यं पुरतात. "प्लीज स्पीक स्लोली." "कॅन यू से इट अगेन?" आणि "हाऊ इज शी इन मॅथ्स?", मॅथ्सच्या जागी हवा तो विषय. त्यानंतर मराठीत बोला, त्यात कमीपणा काही नाही, ही शाळा महाराष्ट्रात आहे आणि मराठी तुम्हाला छान येते. टीचरने पुन्हा घरी इंग्लिश बोलण्याचा विषय काढला तर शांतपणे सांगा की घरी आम्ही उर्दूतच बोलणार, इंग्लिशचं रोज एक पान आम्ही दोघी मिळून वाचतो.

आणि ते खरंच करा, म्हणजे तुमचा वयाचा प्रश्नही त्यातच येतो. तुम्ही शाळेत होतात तेव्हा राज्यात इंग्लिश पाचवीपासून होतं, पहिलीपासून झालं ते 2000 मध्ये, म्हणजे थोडक्यात हुकलं तुमचं. त्यात बुद्धीचा काही संबंध नाही, मिळालंच उशिरा आणि कमी. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, उर्दू माध्यमाचीही. पहिली-दुसरीचं इंग्लिशचं पुस्तक उतरवून घ्या, चित्रं आहेत, वाक्यं छोटी आहेत, मोठ्या माणसालाही चालतात. मुलगी वाचेल, तुम्ही ऐका, मग तुम्ही वाचा, तिला चूक काढू द्या. नंतर त्याच पानावर काय झालं ते तिला उर्दूत सांगायला सांगा, हा भाग अजिबात टाळू नका, कारण उर्दूत सांगताना तिला खरंच कळलंय का ते तुम्हाला कळतं. मुलाने आईला शिकवलं तर आईचा मान जातो असं तुमच्या पत्रात कुठेतरी मागे आहे असं मला वाटलं. माझ्या बघण्यात तसं होत नाही. मुलं यात फार मन लावतात, आणि शिकवणाऱ्याचं स्वतःचंही पक्कं होतं.

तुमच्यासारखी पत्रं मला भिवंडीतून, संभाजीनगरातून येतात, आणि मराठी माध्यमातल्या आयांचीही येतात, त्यांना घरी मराठी बंद करा असं सांगितलेलं असतं. त्यांनाही उत्तर हेच, फक्त "कल" आणि "वो" चा भाग त्यांनी सोडून द्यावा. आणि मोहल्ल्यात कोणी शिकलेली मुलगी, शिक्षिका असा वर्ग घ्यायच्या विचारात असेल तर तिला विनंती, जुम्याला लूम बंद असतात, घरात पुरुष माणसं असतात, बायकांना त्या दिवशी उलट जास्त काम असतं, तेव्हा सुट्टी म्हणून तो दिवस ठरवू नका, बायकांनाच वेळ विचारा. दुपारचा, मुलं शाळेत असतानाचा पाऊण तास बहुतेकींना जमतो.

क्लास पुन्हा लावायचा का हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. आधी दोन-तीन महिने हे घरी करून बघा, शक्यतो शेजारच्या एकीला जोडीला घ्या म्हणजे समोरासमोर बोलता येईल. मग क्लास बघायचा असेल तर फी भरायच्या आधी एक दिवस नुसतं बसू द्या म्हणावं, आणि बघा की तासाभरात बायका किती बोलल्या आणि सर किती बोलले. सरच बोलत असतील तर पैसे भरू नका. सर उर्दूतून समजावतात का तेही विचारा, कारण "वो" आणि "मुझे" चा गोंधळ ज्याला माहीत आहे त्यालाच तुमची चूक कुठून येते ते कळेल.